पंडिता रमाबाईंचे कान

१८८२ साली हंटर शिक्षण आयोग पुण्यात आला, तेव्हा २४ वर्षांच्या एका विधवेनं त्याच्यापुढे मराठीतून साक्ष दिली. मुलींना शिकवायला स्त्री शिक्षक हव्यात आणि बायकांना तपासायला स्त्री डॉक्टर हव्यात, असं तिचं म्हणणं होतं. पुरुष डॉक्टरपुढे दुखणं सांगायचा संकोच वाटतो म्हणून बायका ते अंगावर काढतात आणि जिवानिशी जातात, हे तिनं सरकारी आयोगाला तोंडावर सांगितलं. पुढच्याच वर्षी पंडिता रमाबाई स्वतः डॉक्टर व्हायचं ठरवून इंग्लंडला गेल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा होती.

डॉक्टर त्या झाल्या नाहीत. इंग्लंडमधली त्यांची गोष्ट आपल्याला वेगळ्याच कारणानं माहीत असते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि इकडे महाराष्ट्रात गहजब झाला. त्या गदारोळात एक साधी शारीरिक बाब एखाद्या वाक्यात उरकली जाते. रमाबाईंना ऐकू कमी येत होतं, ते दिवसेंदिवस आणखी कमी होत होतं आणि त्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचं दार त्यांच्यासाठी बंद झालं. तेव्हा त्या पंचविशीत होत्या.

मी २८ वर्षांचा आहे. नाशिकमध्ये राहतो, सॉफ्टवेअरचं काम करतो आणि माझे दोन्ही कान हळूहळू जात आहेत. कानाचं मशीन घ्यावं की नाही, हा विषय गेलं वर्षभर आमच्या घरात आहे. या काळात मशीनचे असंख्य रिव्ह्यू वाचले. पण रमाबाईंबद्दलच्या त्या एका वाक्यानं जेवढा विचार करायला लावला, तेवढा कुठल्याच रिव्ह्यूनं लावला नाही. ऐकू न येण्याची किंमत नेमकी कशात मोजायची, हा प्रश्न त्या वाक्यात आहे.

*

रमाबाईंची सगळी विद्या कानातून आत आलेली होती, हे आधी लक्षात घ्यायला हवं. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कुटुंब घेऊन तीर्थामागून तीर्थ पायी हिंडत. देवळात, घाटावर बसून पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर गुजराण करायची. आई लक्ष्मीबाई पहाटे झोपेतून उठवून मुलीला संस्कृत शिकवत. आई म्हणणार, मुलगी ऐकणार आणि परत म्हणणार. भागवताचे १८ हजार श्लोक अशा रीतीनं मुखोद्गत झाले. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात आईवडील गेले. पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी परीक्षा घेऊन या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं.

अशा माणसाचे कान जायला लागतात तेव्हा ज्या वाटेनं सगळं ज्ञान आत आलं, ती वाटच बुजायला लागते. आणि त्याच वेळी या बाई असा पेशा निवडू पाहत होत्या, ज्यात कानाचं काम फार मोठं होतं. १८१६ मध्ये पॅरिसच्या रेने लेनेक या डॉक्टरनं कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली, दुसऱ्या टोकाला कान लावला, आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. रमाबाई इंग्लंडला पोचल्या तोवर छातीचे आवाज ओळखता न येणारा डॉक्टर ही कल्पनाच कुणाला झेपली नसती.

इथे एक गंमत आहे. लेनेकची सुरळी आणि बहिऱ्या माणसांचा कर्णा या भौतिकशास्त्राच्या नजरेनं सख्ख्या बहिणी. दोन्ही नळ्याच. पसरणारा आवाज गोळा करायचा आणि कानापर्यंत आणायचा. त्यातली एक गळ्यात घातली की माणूस डॉक्टर दिसतो, मान मिळतो. दुसरी कानाला लावली की लोक गालातल्या गालात हसतात. साधन तेच, पण ते कुणाच्या हातात आहे यावर त्याची इज्जत ठरली.

त्या काळी लंडनमध्ये एफ. सी. राईन नावाची पेढी असे कर्णे बनवायची. साधे टिनचे होते, चांदीचे होते, पंख्यात नाहीतर केसांच्या पट्ट्यात लपवलेले होते. या पेढीची सगळ्यात नामांकित वस्तू म्हणजे पोर्तुगालचा राजा सहावा जुआंव याच्यासाठी बनवलेलं सिंहासन. त्याचे हात सिंहाच्या उघड्या जबड्यासारखे कोरलेले आणि आतून पोकळ होते. बोलायला येणाऱ्यानं गुडघे टेकून सिंहाच्या तोंडात बोलायचं, म्हणजे आवाज नळीतून राजाच्या कानाशी जायचा. राजा असलात तर तुमच्या बहिरेपणाशी जुळवून घ्यायला समोरचा माणूस गुडघ्यावर येतो. बाकीच्यांनी मात्र आपलं साधन केसांत लपवायचं.

याच काळात एका बाईनं लपवायला नकार दिला. हॅरिएट मार्टिनो ही इंग्लंडमधली लेखिका. लहानपणापासून तिचं ऐकणं कमी होत गेलं आणि विशीत येईपर्यंत ती बरीचशी बहिरी झाली. १८३४ मध्ये तिनं बहिऱ्या माणसांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिलं. त्यातला सूर फार कोरडा आणि म्हणून फार उपयोगी आहे. बहिरेपणा आहे हे आधी स्वतः मान्य करा, कर्णा वापरायला लाजू नका आणि आपल्यामुळे इतरांना होणारा त्रास आपणच कमी करा, असा तिच्या सांगण्याचा रोख आहे. त्याच वर्षी ती कर्णा घेऊन अमेरिकेला गेली, दोन वर्षं हिंडली, शेकडो माणसांशी बोलली आणि अमेरिकन समाजावर मोठा ग्रंथ लिहून मोकळी झाली.

पन्नासेक वर्षांनी ऐकू कमी येणारी दुसरी एक बाई अमेरिकेला गेली आणि तिनंही त्या समाजावर पुस्तक लिहिलं. ते पुस्तक मराठीत आहे: रमाबाईंचं १८८९ चं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'.

*

डॉक्टरकीचा रस्ता बंद झाल्यावर रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तिथे संस्कृत शिकवलं, स्वतः इंग्रजी, गणित, विज्ञान शिकल्या. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला पोचल्या. मला हा प्रसंग नेहमी अडवतो. डॉक्टर होण्यासाठी घराबाहेर पडलेल्या दोन मराठी बायका त्या दिवशी एका सभागृहात होत्या. एकीच्या हातात पदवी होती. दुसरीला ती का मिळू शकली नाही याचं कारण तिच्या कानात होतं. आनंदीबाई वर्षभरात क्षयानं गेल्या. रमाबाई पुढे ३६ वर्षं जगल्या.

अमेरिकेत त्यांनी बालवाडीची फ्रोबेल पद्धत शिकून घेतली. गावोगाव व्याख्यानं दिली. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुलींना आणून दौंडजवळच्या केडगावला ठेवलं. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. तिथल्या मुली छापखाना चालवायला शिकल्या. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा ते काम नुकतंच हातावेगळं झालं होतं.

हा सगळा प्रवास कानाच्या बाजूनं पाहिला तर एक रेषा दिसते. पुराण ऐकणं आणि सांगणं इथून सुरुवात, मग व्याख्यान, मग वर्ग, मग छापील पान. व्याख्यान देणं हे ऐकू कमी येणाऱ्याला गप्पांपेक्षा सोपं असतं, कारण कुणी काय बोलायचं हे आपल्या ताब्यात असतं. छापील पान त्याहून सोपं. रमाबाईंनी हे जाणूनबुजून केलं असा माझा दावा नाही. बायबलमागे श्रद्धा होती, मुक्ती सदनामागे दुष्काळ होता. पण ज्याचे कान जातात त्याचं आयुष्य असं हळूहळू डोळ्यांकडे सरकतं, हे मला माझ्यावरून कळतं. मीही आता फोन टाळतो, मेसेज करतो. मीटिंगपेक्षा डॉक्युमेंट बरं वाटतं. सिनेमा सबटायटल असेल तरच.

ही गोष्ट प्रेरणादायी करून सांगायचा मोह होतो. बघा, कान गेले म्हणून काही अडलं का? तर अडलं. जी बाई स्त्री डॉक्टर हव्यात म्हणून आयोगापुढे उभी राहिली, ती डॉक्टर झाली नाही. तिनं पुढे जे उभारलं ते डोंगराएवढं आहे, पण त्यामुळे आधी जे गेलं ते गेलं नाही असं होत नाही. "मशीनशिवाय चालतंय की तुझं," असं मला लोक म्हणतात तेव्हा हे आठवतं. चालतं हे खरंच आहे. कशाकशाला वगळून चालतं, याची यादी कुणी करत नाही.

*

रमाबाईंकडे त्या वेळी पर्याय तरी काय होते? कर्णा होता. शिकागोच्या रिचर्ड ऱ्होड्सनं १८७९ मध्ये 'ऑडिफोन' काढला होता. हा एक पंखा, दातांत धरायचा, म्हणजे कंप दातांतून हाडात आणि हाडातून आतल्या कानात जातो. विजेवरचं यंत्र नव्हतं, पण त्याचं मूळ तयार होतं. अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८७६ मध्ये टेलिफोनचं पेटंट घेतलं. बेलची आई बहिरी होती, बायकोही बहिरी होती. आवाजाचं विजेत रूपांतर करून तो मोठा करता येतो, हे त्यातून जगाला कळलं. आज माझ्या ऑडिओग्रामच्या उभ्या अक्षावर जो डेसिबल छापलेला असतो, त्यातला 'बेल' तो हाच.

१८९८ च्या सुमाराला अमेरिकेत मिलर हचिसननं विजेवर चालणारं पहिलं श्रवणयंत्र बनवलं. ते बॅटरीसकट टेबलावर ठेवायचं प्रकरण होतं. मग व्हॅक्यूम ट्यूबची यंत्रं आली. मग १९४७ मध्ये बेल लॅब्समध्ये ट्रान्झिस्टर तयार झाला, आणि इथे आमच्या धंद्यातल्या लोकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट घडली. सामान्य माणसाच्या हातात ट्रान्झिस्टर पहिल्यांदा पोचला तो रेडिओतून नव्हे. १९५२ च्या अखेरीस तो श्रवणयंत्रातून पोचला. खिशातला रेडिओ दोन वर्षांनी आला. ग्रॅहम बेलच्या स्मरणार्थ श्रवणयंत्र बनवणाऱ्यांना ट्रान्झिस्टरची रॉयल्टी माफ केली होती. ज्या वस्तूवर माझं पोट चालतं, तिचे पहिले गिऱ्हाईक कमी ऐकू येणारी माणसं होती.

त्यानंतरचा इतिहास यंत्र लहान करण्याचा आहे. खिशातलं पॉकेट मॉडेल, चष्म्याच्या दांडीत बसवलेलं, कानामागचं, कानातलं, कानाच्या नळीत पार आत जाणारं. १९९६ मध्ये पूर्ण डिजिटल यंत्रं बाजारात आली. पण आजही जाहिरात उघडून पाहा, पहिला शब्द 'अदृश्य' असतो. राईनच्या केसांच्या पट्ट्यापासून आजपर्यंत विकली जाणारी मुख्य गोष्ट लपवणं हीच आहे. आणि लपवण्याची किंमत असते. यंत्र जितकं लहान तितकी बॅटरी लहान आणि ताकद कमी. माइक आणि स्पीकर जवळ आले की शिट्टी वाजायला लागते.

*

ज्याचं ऐकणं कमी होत जाणार आहे अशा माणसाला या यंत्रातून नक्की काय मिळतं, ते सांगतो.

आतल्या कानात साधारण पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. माणसात त्या गेल्या की परत उगवत नाहीत. बहुतेकांच्या आधी जातात त्या वरच्या पट्टीचे आवाज पकडणाऱ्या. मराठीत स्वर खालच्या पट्टीत आणि दमदार असतात. स, श, फ, थ ही मंडळी वरच्या पट्टीत आणि दुबळी. त्यामुळे माझ्यासारख्याला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. 'साठ' आणि 'आठ', 'सात' आणि 'हात' यांच्यात फरक करणारा एवढासा आवाज गळून पडतो आणि मेंदू संदर्भावरून रिकामी जागा भरत बसतो. दिवसभर हे केल्यावर संध्याकाळी जो थकवा येतो, तो कानाचा नसतो, डोक्याचा असतो. माझ्यावर ओरडून काही उपयोग होत नाही, तो यामुळेच. ओरडण्यात 'आ' मोठा होतो, 'स' तिथेच राहतो.

आजचं यंत्र हे ओळखून काम करतं. ज्या पट्टीत कमी ऐकू येतं तेवढीच उचलतं. हळू आवाज जास्त वाढवतं, मोठा आवाज कमी, म्हणजे बोलणं ऐकू येतं आणि कुकरच्या शिट्टीनं कान फाटत नाही. पण ज्या पेशी मेल्या आहेत त्यांना ते जागं करू शकत नाही. हॉटेलच्या गोंगाटात एका माणसाचं बोलणं वेगळं काढणं त्याला अजून नीट जमत नाही. आणि आजार वाढायचाच असेल तर यंत्र त्याला थांबवत नाही. चष्म्याची तुलना सगळे करतात. चष्मा लावल्याबरोबर दिसतं. कानाच्या यंत्राची सवय व्हायला आठवडे लागतात, दोनचार वेळा ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन सेटिंग बदलून घ्यावं लागतं. हे न केल्यामुळे कितीतरी यंत्रं कपाटात पडून असतात.

मग भीती दाखवणारी जाहिरात येते: मशीन लावा, नाहीतर स्मृतिभ्रंश होईल. अमेरिकेत या प्रश्नावर 'अचीव्ह' नावाची मोठी चाचणी झाली. ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक, तीन वर्षं. निष्कर्ष २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. सगळ्यांचा मिळून विचार केला तर श्रवणयंत्र लावणाऱ्यांच्या आणि न लावणाऱ्यांच्या बौद्धिक घसरणीत फारसा फरक नव्हता. ज्यांना मुळात धोका जास्त होता, त्या गटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी कमी दिसली. ही बातमी चांगलीच आहे, पण ती आजीआजोबांच्या वयाची आहे. तिच्या जोरावर २८ व्या वर्षी घाबरून पाकीट उघडण्यात अर्थ नाही.

कायद्याकडून मला फारशी मदत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढे तोटा असेल तर 'ऐकण्यास कमी' धरतात. मी अजून त्या रेषेच्या अलीकडे आहे. म्हणजे मीटिंग चुकण्याइतका बहिरा आणि कागदावर धडधाकट. दर विचारले तर एका जोडीला चाळीस हजारांपासून तीन लाखांपर्यंत सांगितले गेले, आणि जोडी पाचसहा वर्षं चालेल असं समजायचं.

खरी अडचण पैशांची नव्हतीच. आमच्याकडे स्थळं पाहणं सुरू आहे. मावशी आईला म्हणाली, "आत्ताच कशाला लावायचं मशीन? लग्न होऊ दे, मग लावू दे की." यात मावशीचा दुष्टपणा नाही. तिनं आयुष्यभर मराठी नाटकांत बहिऱ्या म्हाताऱ्यावर प्रेक्षक हसताना पाहिलेत. बहिरं पात्र आलं की विनोद आलाच. देवळालीला तोफखान्याचं शिक्षण केंद्र, सातपूर-अंबडला पत्र्यावर दणके देणारे कारखाने, मिरवणुकीत छातीत घुमणारा नाशिक ढोल. इतक्या दणदणाटाच्या शहरातही कानानं कमी असलेली माणसं उघड दिसत नाहीत. मान हलवतात, हसतात, वेळ मारून नेतात. दुसरीकडे माझ्या ऑफिसात प्रत्येकाच्या कानात दिवसभर इअरबड असतो, आणि त्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तर अशाच एका लोकप्रिय इअरबडच्या सॉफ्टवेअरला श्रवणयंत्र म्हणून मान्यता दिली. लाज यंत्राची नाहीच, कारणाची आहे.

*

मी दोन आठवडे चाचणीसाठी यंत्रं लावली. पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला, किल्ल्यांचा जुडगा खणखणला, कागदाची घडी कर्कश वाटली. पाचव्या दिवशी आई स्वयंपाकघरातून काहीतरी पुटपुटली आणि मी उत्तर दिलं. ती क्षणभर थांबली. बहुधा ते माझ्यासाठी नव्हतंच. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मात्र यंत्रानं हात टेकले, तिथे मी पूर्वीसारखाच तोंडाकडे बघत बसलो.

दोन आठवड्यांनी मी हिशेब मांडला तो यंत्र चांगलं की वाईट असा नव्हता. मी गेल्या तीन वर्षांत काय काय टाळायला लागलोय याची यादी केली. फोन, मित्रांच्या मोठ्या घोळक्यात बसणं, क्लायंटशी थेट बोलायचं काम, लहान भाचीचं बोलणं. यातलं यंत्रानं काय परत येतं यावर खुणा केल्या. चारातल्या तीन गोष्टी बऱ्याचशा परत आल्या. घोळका आला नाही. माझ्या दृष्टीनं उत्तर झालं.

मधल्या किमतीची, कानामागची जोडी घेतली. अदृश्य नको म्हणालो. ताकद वाढवायला जागा असलेली घेतली, कारण ऐकणं आणखी कमी होणार हे गृहीत आहे. उद्या ऑडिओग्राम खाली सरकला तर यंत्र न बदलता सेटिंग बदलता यायला हवं. वाट पाहण्याचा पर्याय मी यासाठी सोडला, की 'स' कसा ऐकू येतो हे माझ्या मेंदूला अजून आठवतंय. आणखी पाच वर्षांनी तेच यंत्र त्याला नवी भाषा वाटण्याची शक्यता जास्त.

हॅरिएट मार्टिनोचं एक म्हणणंही मानलं. आपली अडचण समोरच्याला आधी सांगायची. टीमला सांगितलं: कॅमेरा चालू ठेवा, एका वेळी एकानंच बोला, आकडे चॅटमध्ये टाका. कुणाचं काही बिघडलं नाही. उलट आकडे लिहून टाकण्याचा फायदा सगळ्यांनाच झाला.

रमाबाईंच्या वेळी हा हिशेब मांडायची सोयच नव्हती. दार बंद झालं ते सरळ बंद झालं. आज छातीचे आवाज मोठे करून ऐकवणारे इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप आहेत, आणि ते लावून ऐकण्यास कमी असलेले डॉक्टर काम करतात. त्यांना पाहून १८८२ ची ती साक्ष आठवते. त्यापुढे माझा प्रश्न फार लहान आहे, पण जातीचा तोच आहे: दार अजून उघडं असेल तर ते लाजेखातर आपल्याच हातानं लोटायचं का?

मावशीशी वाद घातला नाही. बायोडेटात उंची आणि शिक्षण यांच्या खाली एक ओळ वाढवली: दोन्ही कानांना मशीन आहे. त्यानंतर आलेल्या फोनांची संख्या कमी झाली आहे. जे येतात, ते ऐकू येतात.